आरशाकडे पाठ

किट्वेत ऑक्टोबर म्हणजे पालथी घातलेली तापली कढई,
आपण आत.
वीज पहाटे तीनला येते, सहाला जाते,
आणि बारावीची परीक्षा दारात.

घरात अंधार. दुकानात मात्र
सोलरची एक बॅटरी आहे, केसांच्या मशीनसाठी घेतलेली,
हप्ते अजून चालू.
शेवटचं गिऱ्हाईक उठलं की
लुबुटो येतो, वह्या काखेत मारून,
आणि माझ्या खुर्चीत बसतो,
दिवसभर जिथे लोकांची डोकी भादरली तिथेच.
बल्ब जवळ यावा म्हणून पेडल दाबून मी खुर्ची उंच करतो.
आरशाकडे पाठ करतो त्याची.
स्वतःचं तोंड बघत बसलं की
कुणाचं काही पाठ होत नाही.

आमच्या बेम्बा भाषेत लुबुटो म्हणजे उजेड.
‘मग बॅटरी कशाला घेतलीस?’ मिनीबसवाला म्विला विचारतो.
रोज विचारतो. रोज हसावं लागतं.

जुलैतल्या सराव परीक्षेनंतर मीही विचारलं होतं, किती?
रसायनात, तो म्हणाला, बत्तीस.
मग मी बोललो.
सगळं नाही सांगत,
पण हातात वस्तरा होता, खुर्चीत गिऱ्हाईक होतं,
आणि मी बोर्डिंगातल्या चुलतभावाचं नाव काढलं,
हप्त्यांचं काढलं,
माझ्या बापाने खाणीत गमावलेल्या दोन बोटांचंसुद्धा.
बत्तीस मार्कांत एवढं सगळं कसं मावणार?
चार दिवस तो ताटातली एन्शिमा नुसती चिवडत राहिला.
पाचव्या दिवशी त्याच्या आईने मला गाठलं.
‘तुला रसायन येतं का?’
‘नाही.’
‘मग गप्प बसायला तरी शीक. तेवढा एकच विषय घे.’

घेतला.
कठीण आहे. पुस्तक नाही, क्लास नाही.
तो जांभई देतो तेव्हा गप्प.
फोनमध्ये डोकं घालतो तेव्हा गप्प, पण
झाडू जरा जोरात.
तिथे माझे मार्क जातात, मला कळतं.
दारावर खडूने लिहून ठेवलंय:
पोराला ‘पुढे काय’ विचारणाऱ्याला दुप्पट दर.
पास्टरसाहेबांनी दुप्पट मोजले,
आणि विचारलंच.

काल रात्री तोच बोलला.
‘ताता, केस मेलेले असतात.’
मी जमिनीवरच्या ढिगाकडे पाहिलं.
‘बावीस वर्षं मी मेलेलं कापतोय?’
‘हो. म्हणून तर दुखत नाही.
जिवंत असतं ते खाली, मुळाशी.’
पुस्तक माझ्यापुढे धरलं. पातीच्या कांद्यासारखं काहीतरी चित्र.
बोट ठेवत ठेवत सांगत गेला.
मी मुद्दाम दोनदा वेड्यासारखं विचारलं,
म्हणजे त्याला दोनदा नीट सांगावं लागेल.
तिसऱ्यांदा मला खरंच कळलं नव्हतं.

साडेअकराला बॅटरीचा दिवा लाल झाला.
म्हणजे सकाळी मशीन नाही, कात्रीवर भागवायचं.
‘झोप आता.’
‘एक धडा राहिलाय.’
‘राहू दे.’
हे दोन शब्द माझ्या बापाच्या तोंडात कधीच नव्हते.
माझ्याही तोंडात नवेच आहेत,
जीभ सारखी तिथे जाते.

वह्या गोळा करता करता थांबला.
‘ताता, सोमवारी पहिला पेपर. केस कापशील?’
खुर्ची आरशाकडे वळवली.
लहानपणी याच्या बुडाखाली फळी ठेवायचो;
आज पेडल सोडून खुर्ची पार खाली घ्यावी लागली.
फोनच्या टॉर्चमध्ये, कात्रीने, सावकाश.
त्याने मान पुढे टाकली,
डोळे मिटले,
आणि माझ्या ओठांवर आलंच: जमेल ना रे?

त्यासाठी घेतलेला श्वास
मी त्याच्या मानेवरचे केस उडवण्यात
खर्च केला.